हिलोचा भोंगा

१ एप्रिल १९४६ रोजीं मध्यरात्रीनंतर अल्यूशियन बेटांपाशीं समुद्राचा तळ हादरला. युनिमाक बेटावरील दीपगृह लाटेनें समूळ धुवून नेलें आणि त्यांतील पांचही रक्षक प्राणांस मुकले. तीच लाट सुमारें पांच तासांनीं हवाई बेटांवर पोहोंचली. एवढ्या अवधींत तिची वार्ता हिलो शहरास कोणींच दिली नाहीं. देण्याची यंत्रणाच नव्हती. सकाळीं सातच्या सुमारास पाणी आलें, तेव्हां ओरडून सांगणारांस कित्येकांनीं हसण्यावारी नेलें, कारण तारीख एक एप्रिलची होती! हवाईंत १५९ जीव गेले, पैकीं ९६ एकट्या हिलोंत. (याच्या चारच महिने आधीं, २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं, मकरानच्या किनाऱ्यावरील भूकंपाची लाट मुंबईपर्यंत येऊन कांहीं बळी घेऊन गेली होती. तेथेंही सूचना नव्हतीच.)

हा ज्ञानाचा अभाव होता असें मात्र म्हणतां येत नाहीं. भूकंपाची लहर खडकांतून कांहीं मिनिटांत दूरच्या वेधशाळेंत उमटते. समुद्राच्या लाटेस तेंच अंतर कापण्यास तास लागतात. या दोहोंमधील अंतर म्हणजेच माणसाला मिळणारी सवड. किलाउआ ज्वालामुखीच्या वेधशाळेंतील टॉमस जॅगर यांनीं १९२३ सालींच कामचाट्काच्या भूकंपावरून हिलोच्या बंदर-अधिकाऱ्यास सावध केलें होतें. तें कोणीं मनावर घेतलें नाहीं. १९३३ मध्यें जपानच्या भूकंपानंतर त्यांचा इशारा मानला गेला व प्राणहानि टळली. परंतु एका विद्वानाची दक्षता म्हणजे व्यवस्था नव्हे. ती १९४६ च्या संहारानंतर उभी राहिली. १९४९ पासून होनोलुलूजवळच्या वेधशाळेंतून पॅसिफिकभर नजर ठेवली जाऊं लागली, आणि नोव्हेंबर १९५२ च्या कामचाट्का भूकंपाच्या वेळीं हवाईंत एकही मनुष्य दगावला नाहीं. प्रश्न सुटला, असें तेव्हां वाटलें असल्यास नवल नाहीं.

२२ मे १९६० रोजीं चिलीच्या किनाऱ्यावर ९.५ प्रतीचा भूकंप झाला. यंत्रांनीं नोंदलेल्या सर्व भूकंपांत हा मोठा. लाटेला हिलो गांठण्यास सुमारें साडेदहा हजार किलोमीटर जावयाचें होतें; म्हणजे हातीं पंधरा तास होते. वेधशाळेनें आपलें काम चोख केलें. लाट मध्यरात्रीं येईल हें संध्याकाळींच जाहीर झालें. साडेआठच्या सुमारास हिलोंत भोंगे वाजले.

आणि येथेंच सूत्र तुटलें. पूर्वीच्या पद्धतींत भोंगा टप्प्याटप्प्यानें वाजे. ती बदलून एकच भोंगा ठेवण्यांत आला होता व त्याचा अर्थ ‘ताबडतोब निघा’ असा होता. हा बदल कागदावर झाला, लोकांच्या मनांत झाला नाहीं. गिरणगांवांतल्या माणसाला भोंग्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नसे, कारण तो रोजच्या संवयीनें अंगीं मुरलेला असे. हिलोच्या लोकांना तशी संवय नव्हती. कित्येकजण पुढच्या भोंग्याची वाट पाहत घरींच बसले. कांहीं तर लाट कशी दिसते तें पाहण्यासाठीं किनाऱ्याकडे गेले. मध्यरात्र उलटल्यावर आलेली पहिली लाट लहान होती, तेव्हां बाहेर पडलेल्यांपैकीं कांहीं परतले. १ वाजून ४ मिनिटांनीं मोठी लाट आली. ६१ माणसें मेलीं. मागाहून केलेल्या चौकशींत असें दिसलें कीं, भोंगा बहुतेक सर्वांनीं ऐकला होता, परंतु त्यावरून घर सोडणारे निम्म्याहून कमी होते.

जपानची गोष्ट निराळी. तेथें लाट जवळजवळ एक दिवसानें पोहोंचली. तरीही सरकारी इशारा निघाला तो लाटा किनाऱ्यास लागल्यावर, आणि सुमारें १४० लोक गेले. इतक्या दुरून संकट येईल हें गृहीतच धरलें नव्हतें. या अनुभवानंतर १९६५ मध्यें युनेस्कोच्या द्वारें पॅसिफिकच्या राष्ट्रांनीं ही व्यवस्था सामाईक केली. हिंदी महासागरांत तशी व्यवस्था होण्यास २००४ चा डिसेंबर उजाडावा लागला. हैदराबादचें सूचना-केंद्र २००७ मध्यें सुरू झालें.

हिलोंतील वाइआकेआ भागांतलें तें घड्याळ १ वाजून ४ मिनिटांवर थांबलेलें तसेंच उभें आहे. हवाईंत धोक्याच्या प्रदेशांचे नकाशे पुढें टेलिफोनच्या यादींत छापले जाऊं लागले. भोंगे दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशीं वाजवून पाहतात, आणि त्यांचा अर्थ लोकांस असा शिकविला जातो: रेडिओ लावा, आणि सांगतील तें ऐका.