मालकिणीच्या नजरेतली मोलकरीण

बसल्या बसल्याच मोलकरणीला डुलकी लागली आहे, डोकं हातावर टेकलेलं. पायाशी भांड्यांचा पसारा आणि मागे मांजर पिसं काढलेला पक्षी पळवण्याच्या बेतात. मालकीण हसत आपल्याकडे वळून हात पसरते. आता हिला काय म्हणावं! निकोलास मासने १६५५ मध्ये रंगवलेलं हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मोलकरीण पहाटे कधी उठली होती, हे मात्र त्यात कोणी विचारत नाही.

विचारणार तरी कोण? अशी चित्रं विकत घेणारे बहुधा खाऊनपिऊन सुखी मालकच होते. सतराव्या शतकातल्या डच शहरांत नोकर ठेवणाऱ्या बऱ्याच घरांत एकच मोलकरीण असे. घरातली भांडणं, चिठ्ठ्याचपाट्या सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडे. त्यामुळे तिच्यावाचून चालतही नसे आणि तिच्यावर पुरता विश्वासही बसत नसे. १६८२ मध्ये तर मोलकरणींना पछाडणाऱ्या सात सैतानांवर एक आख्खं पुस्तक निघालं.

पीटर द होखची नजर वेगळी होती. १६५८ च्या त्याच्या डेल्फ्टमधल्या अंगणाच्या चित्रात मोलकरीण छोट्या मुलीचा हात धरून उभी आहे, तर दुसरी बाई बोळात पाठमोरी. १६५३ च्या एका दस्तऐवजात खुद्द होखची नोंद एका कापडव्यापाऱ्याचा चित्रकार आणि नोकर अशी आहे.

प्रत्यक्षातल्या मोलकरणी भेटतात त्या अशा कागदपत्रांतच, आणि तिथे हसण्यासारखं काही नसतं. चित्रकार रेम्ब्रांटच्या घरी त्याचं मूल सांभाळायला आलेल्या खेर्त्ये डिर्क्सने लग्नाचं वचन मोडल्याबद्दल त्याच्यावर दावा लावला. कोर्टाने तिला वर्षाला २०० गिल्डर पोटगी मंजूर केली, पण १६५० मध्ये तिची रवानगी खौडाच्या सुधारगृहात झाली. त्यामागे रेम्ब्रांटचाही हात होता. नंतर त्याच घरात कामाला आलेली हेंड्रिक्ये स्टोफेल्स त्याच्यापासून गरोदर राहिली, तेव्हा १६५४ मध्ये चर्चने तिला प्रभुभोजनाला बंदी केली.

डेल्फ्टचा चित्रकार व्हर्मीर याच्या सासुरवाडीच्या घरात टानेके एव्हरपूल कामाला होती. व्हर्मीरचा मेहुणा विलेम बोल्नेस हा भडक डोक्याचा माणूस. दिवस भरत आलेल्या आपल्या बहिणीवर, म्हणजे व्हर्मीरच्या बायकोवर, तो काठी घेऊन धावून जाई. टानेकेने १६६६ मध्ये हे सारं साक्षीत सांगितलं. आपण मध्ये पडल्यामुळे काही मारहाण टळली, हेही नोंदवलं. घरातल्यांच्या भांडणात अंगावर काठी येण्याची जोखीम घेणारी ही बाई.

व्हर्मीरच्या चित्रातली दूध ओतणारी मोलकरीण म्हणजे टानेकेच, असं अनेकांना वाटतं. त्याला पुरावा नाही. पण सुमारे १६५८ च्या त्या चित्रात थट्टा औषधालाही सापडत नाही. बाह्या वर सारलेल्या, मनगटापर्यंत रापलेले हात, भिंतीत खिळा आणि उखडलेल्या खिळ्यांची भोकं, जमिनीवर पाय शेकायची निखाऱ्यांची पेटी. आणि कमरेच्या वस्त्राला अफगाणिस्तानातल्या खाणींतून येणाऱ्या राजावर्त दगडाचा निळा रंग! मोलकरणीच्या कपड्यावर इतका महागडा रंग खर्च करणं हाच केवढा मोठा मान. भिंतीवर आधी सुरया टांगायची फळी होती, जमिनीवर विस्तवाची टोपली होती. व्हर्मीरने दोन्ही पुसून टाकल्या, हे ॲम्स्टरडॅमच्या रेइक्सम्युझियमच्या २०२२ मधल्या तपासणीत दिसून आलं. तिच्यापासून नजर हटवणारं काही त्याला नको असावं.

१६९६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या लिलावात व्हर्मीरची २१ चित्रं विकली गेली. दूध ओतणाऱ्या मोलकरणीच्या चित्राला १७५ गिल्डर मिळाले. त्याहून जास्त, २०० गिल्डर, फक्त त्याच्या ‘डेल्फ्टचा देखावा’ या चित्राला.