सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात 'हे ऑइल पण बदलावं लागेल'. खरंच लागतं का, आणि बिल बरोबर आहे का?

सकाळी नऊला तुम्ही गाडी सर्व्हिसिंगला टाकता. साडेअकराला, नेमके कामात असताना, फोन येतो. "सर, गाडी रॅम्पवर घेतलीय. ब्रेक ऑइल खराब झालंय, कूलंट पण बदलून घ्या, आणि इंजिन फ्लश केलं तर ॲव्हरेज वाढेल. करून टाकू ना?" किती वाढतील विचारलं तर उत्तर येतं, "सगळं मिळून पाच-साडेपाच हजार." विचार करायला तुमच्याकडे जेमतेम दहा सेकंद असतात.

मग बहुतेक जण दोनपैकी एक उत्तर देतात. एक तर "करून टाका", नाहीतर "काही नको, फक्त इंजिन ऑइल बदला". दुसऱ्या उत्तराने पैसे वाचले असं वाटतं. पण फोनवरच्या त्या तीन कामांपैकी एक टाळणं घाटात जिवावर बेतू शकतं, एक काही वर्षांतून एकदाच लागतं आणि तिसऱ्याची बहुधा कधीच गरज पडत नाही. कोणतं कुठलं, हे कळलं की फोनवर काय बोलायचं ते आपोआप सुचतं.

उत्तर तुमच्या गाडीतच आहे

डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसी आणि इन्शुरन्सच्या कागदांखाली एक जाड पुस्तक असतं. त्या मॅन्युअलच्या शेवटी मेंटेनन्सचा तक्ता असतो. कोणता द्रव किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी तपासायचा आणि कधी बदलायचा, ते त्यात सरळ लिहिलेलं असतं. तपासणं आणि बदलणं यांच्या खुणा वेगळ्या असतात, आणि बराचसा घोळ इथेच होतो. तक्त्यात 'तपासा' लिहिलेलं असतं, जॉब कार्डवर 'बदला' होतं.

पुस्तक सापडत नसेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर त्याची पीडीएफ मिळते. मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी फोन आला की एकच प्रश्न विचारायचा: "दादा, हे मॅन्युअलमध्ये कितव्या किलोमीटरला लिहिलंय?" खरंच गरज असेल तर समोरचा आकडा सांगेल. नसेल तर "आम्ही सगळ्यांना रेकमेंड करतो" असं काहीतरी ऐकू येईल.

एक गोष्ट मात्र सर्व्हिसवाल्यांच्या बाजूने सांगायला हवी. बऱ्याच मॅन्युअलमध्ये 'कठीण वापरा'चा वेगळा तक्ता असतो. सारखी धूळ, रोजचा दोन-तीन किलोमीटरचाच प्रवास, तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये रखडणं हे सगळं त्यात मोडतं. हिंजवडीला रोज जाणारी गाडी किंवा उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यावर फिरणारी गाडी याच तक्त्यात बसते. तिथे लवकर ऑइल बदला असं सांगणारा माणूस तुम्हाला फसवतोय असं समजू नका. फक्त तो तक्ता दाखवायला सांगा.

इंजिन ऑइल: यावर वाद घालू नका

आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल तेव्हा इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचा असतो. काही कंपन्या १५,००० किलोमीटर देतात. गाडी वर्षात चारच हजार फिरली असली तरी वर्षाची अट लागू होते, कारण थोड्या थोड्या अंतराच्या प्रवासात इंजिन पुरतं तापत नाही आणि ऑइलमध्ये पाण्याचा व इंधनाचा अंश साठत जातो.

"बघा सर, ऑइल किती काळं झालंय" याला मात्र फारसा अर्थ नाही. डिझेल गाडीचं नवं ऑइल काही शे किलोमीटरमध्येच काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. रंगापेक्षा डिपस्टिकवरची पातळी महत्त्वाची. बीएस६ डिझेल गाडी फक्त शहरात फिरत असेल आणि ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही पुढे गेली असेल, तर ऑइलमध्ये डिझेल मिसळत असण्याची शक्यता असते. अशा वेळी किलोमीटर पुरे व्हायची वाट पाहू नका, लगेच दाखवा.

नवी गाडी असेल तर आणखी एक. अनेक कंपन्यांच्या तक्त्यात पहिल्या हजार किलोमीटरच्या सर्व्हिसला फक्त तपासणी असते. आणि 'फ्री सर्व्हिस' म्हणजे फक्त मजुरी फुकट. ऑइल, फिल्टर यांचे पैसे पडतातच. त्यामुळे त्या पहिल्या भेटीत ऑइल बदलायचा आग्रह झाला तर तक्ता बघूनच हो म्हणा.

ब्रेक ऑइल: इथे कंजुषी नको

गंमत अशी की लोक महागड्या इंजिन ऑइलवर चर्चा करतात आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात गरजेच्या द्रवाला हमखास नाही म्हणतात.

ब्रेकच्या पेडलवर पाय दिला की तो दाब चाकांपर्यंत पोचवण्याचं काम हा द्रव करतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून ब्रेक लागतो. पण ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. टाकीचं झाकण बंद असलं तरी रबरी होजमधून आणि सीलमधून ओलावा हळूहळू शिरतोच. कोकणात चार महिने पावसाळा काढलेल्या गाडीचं तर विचारूच नका. पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ दर्जाच्या नव्या, कोरड्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी असताना दर्जाची अट १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत.

आता आंबोलीचा किंवा पसरणीचा घाट उतरताना काय होतं ते बघा. गाडी भरलेली, पाय सतत ब्रेकवर, डिस्क तापलेली. ओलावा धरलेलं ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पेडल खालपर्यंत जातं आणि ब्रेक लागत नाही. शहरात हेच ऑइल दोन वर्षं काही त्रास देणार नाही, म्हणूनच लोकांना ते बदलणं फालतू वाटतं. (घाटात लहान गिअरमध्ये उतरा हा जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला यासाठीच असतो.)

बहुतेक गाड्यांना ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं. तुमच्या गाडीचा आकडा तक्त्यात बघा. मधल्या काळात शंका असेल तर पेनसारखा छोटा टेस्टर टाकीत बुडवून ओलाव्याचा अंदाज घेता येतो. सर्व्हिसवाला 'खराब झालंय' म्हणत असेल तर तुमच्यासमोर टेस्टर लावायला सांगा.

टाकीतली पातळी खाली गेली म्हणून नुसतं टॉप-अप करून देणारेही भेटतात. ब्रेक पॅड झिजले की पातळी आपोआप थोडी उतरते. म्हणजे आधी पॅड बघायचे. पॅड ठीक असतील आणि तरी पातळी उतरत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि ते फार गंभीर आहे. बाटली नेहमी सीलबंद असावी. उघडी पडून राहिलेली बाटली आधीच ओलावा पिऊन बसलेली असते. बऱ्याच गाड्यांत क्लचलाही हेच ऑइल लागतं, त्याच कामात तेही करून घ्या.

कूलंट: काही वर्षांतून एकदा

हल्लीची लाँग लाइफ कूलंट अनेक वर्षं टिकतात. बऱ्याच गाड्यांत पहिली बदली चार-पाच वर्षांनंतर येते. दरवर्षी बदलायची गरज नसते. मात्र मुदत संपल्यावर त्यातला गंज रोखणारा भाग संपतो आणि रेडिएटर, वॉटर पंप आतून खराब व्हायला लागतात.

रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा ही कंपन्यांची आपापली निवड आहे, कुठलं प्रमाण नाही. डब्यावरचा प्रकार मॅन्युअलशी जुळला पाहिजे. बोअरचं पाणी ओतणं टाळा, क्षार साचतात. बिलावर कूलंट असेल तर ते तयार मिश्रण आहे की पाणी घालून पातळ करायचं दाट कूलंट, हे विचारा, कारण दाट कूलंटचा एक लिटर निम्मं पाणी घातल्यावर दोन लिटर होतो. त्या दोन लिटरचे दाट कूलंटच्या भावाने पैसे लागले असतील, तर तुम्ही पाण्याचे पैसे भरताय.

गिअर ऑइल आणि स्टिअरिंग ऑइल

मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल बरंच टिकतं, तक्ता बघायचा आणि पुढे जायचं. एएमटी गाडी म्हणजे आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच, त्यामुळे तिला 'ऑटोमॅटिकचं महाग ऑइल' लागेल असं कोणी म्हणालं तर थांबा. खऱ्या ऑटोमॅटिकची आणि सीव्हीटीची गोष्ट वेगळी. त्यांचं ऑइल महाग असतं, काम काही हजारांत जातं, आणि चुकीचं ऑइल पडलं तर गिअरबॉक्सच बसू शकतो. इथे कोपऱ्यावरच्या गॅरेजपेक्षा अधिकृत सेंटर बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॉवर स्टिअरिंग ऑइलचा मुद्दा तर छोटाच. आजच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत स्टिअरिंगला इलेक्ट्रिक मोटर असते. त्यात ऑइल नसतंच. बिलावर त्याचे पैसे दिसले तर हसून विचारा की नेमकं कुठे ओतलं. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइलही नसतं. ब्रेक ऑइल, कूलंट आणि छोट्या गिअरबॉक्सचं ऑइल मात्र असतं.

फ्लश, ॲडिटिव्ह, कोटिंग

इंजिन फ्लश म्हणजे जुन्या ऑइलमध्ये एक द्रावण ओतून इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं आणि सगळं काढून टाकायचं. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात धुवायला फारसं काही नसतं. आणि वर्षानुवर्षं हेळसांड झालेल्या इंजिनात सुटलेला गाळ ऑइलच्या जाळीत अडकण्याचा धोका असतो. बहुतेक मॅन्युअलच्या नियमित तक्त्यात हे काम नसतं, आणि कित्येक मॅन्युअल ऑइलमध्ये वरून काही मिसळू नका असंच सांगतात. इंजिन कोटिंग, ॲव्हरेज वाढवणारी बाटली याच रांगेतल्या. अनेक ठिकाणी सर्व्हिस ॲडव्हायझरला अशा गोष्टी विकायचं टार्गेट असतं. त्या माणसावर राग काढू नका, फक्त "नको" म्हणा.

आता बिल

पॅकबंद वस्तू एमआरपीपेक्षा जास्त किमतीला विकणं वैधमापनाच्या नियमांनुसार बेकायदेशीर आहे, आणि एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात. समजा ब्रेक ऑइलच्या बाटलीवर २५० रुपये छापलेत आणि बिलावर २५० अधिक १८ टक्के जीएसटी असे २९५ लावलेत. हे चूक आहे. कराआधीची किंमत एवढी कमी असायला हवी, की कर धरून बेरीज २५० च्या वर जाणार नाही. मजुरीवर मात्र १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, ते योग्य आहे.

दुसरं म्हणजे प्रमाण. तुमच्या इंजिनात फिल्टरसह किती ऑइल मावतं ते मॅन्युअलमध्ये लिटरमध्ये दिलेलं असतं. तिथे ३.१ आहे आणि बिलावर ३.५, तर विचारायचं. सीलबंद कॅन फोडला असेल तर उरलेलं ऑइल तुमचं आहे, ते मागून घ्या. ग्रेडही जुळवा, मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० असताना दुसरंच काही पडलं असेल तर तेही बिलावर दिसतं.

तिसरं, एकाच कामाची मजुरी दोनदा. सर्व्हिसच्या ठरलेल्या मजुरीत इंजिन ऑइल बदलणं येतंच. त्याखाली ऑइल बदलण्याची वेगळी ओळ असेल तर ती काढायला लावा. गाडी टाकतानाच अंदाजपत्रक लिहून घ्या आणि 'विचारल्याशिवाय जास्तीचं काम नको' हे जॉब कार्डवर लिहूनच सही करा.

"नाही केलं तर वॉरंटी जाईल" ही धमकीही ऐकू येते. तक्त्यातली कामं वेळेवर केल्याचे कागद तुमच्याकडे असतील, तर तक्त्याबाहेरचं फ्लश नाकारल्याने वॉरंटीला काही होत नाही. बाहेरच्या गॅरेजचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. स्पेअर पार्ट बाजारात खुलेपणाने मिळू न देणं आणि बाहेर दुरुस्ती केली की वॉरंटी रद्द करणं, या प्रकारांवरून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. ते प्रकरण पुढे अपिलात आणि कोर्टात गेलं. त्यामुळे वॉरंटीच्या काळात तरी तक्त्यातली कामं अधिकृत सेंटरला करून घेणं आणि प्रत्येक बिल जपणं सोयीचं.

चुकीचं बिल दुरुस्त करून देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. एमआरपीच्या तक्रारीसाठी राज्याचा वैधमापनशास्त्र विभाग आहे. बाटलीचा आणि बिलाचा फोटो असला की बोलणं सोपं जातं.

उलटी फसवणूकही होते: बिलावर 'बदललं' आणि गाडीत जुनंच. म्हणून पैसे देण्याआधी बॉनेट उघडायला सांगा. इंजिन थंड असेल तर डिपस्टिक पुसून पातळी बघा. कूलंटचं झाकण गरम असताना उघडू नका, पातळी बाहेरूनच दिसते. मग ब्रेक ऑइलच्या टाकीकडे बघा. नवं ऑइल फिकट पिवळसर, जवळजवळ पारदर्शक असतं. आत कोऱ्या चहाचा रंग दिसला, तर गाडी गेटबाहेर काढायच्या आधी पुन्हा रॅम्पवर चढवायला सांगा.