हुकूमनाम्यापासून राज्यघटनेपर्यंत

करवीरनगरीत कोणत्याही ज्ञातीचे संमेलन भरले, तरी राजर्षी शाहू छत्रपतींचे कृतज्ञतापूर्वक स्मरण केल्यावाचून त्याची सांगता होत नाही, आणि ते सर्वथैव उचित आहे. तथापि कृतज्ञता हा प्रजेचा गुण होय. नागरिकाला तिच्या जोडीला हक्काची जाणीवही असावी लागते. प्रजा आणि नागरिक यांतील हा भेद आपल्या कोल्हापूरच्या इतिहासातच स्पष्ट दिसतो. म्हणून राज्यघटनेची ओळख करून घेताना प्रारंभ घरापासूनच करू.

२६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असतानाच, करवीर दरबारचा सुप्रसिद्ध हुकूम प्रसिद्ध झाला. संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात, असे त्यात फर्माविले होते. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण पन्नास टक्क्यांहून कमी असेल, तेथील पुढची नेमणूक याच वर्गांतून करावी आणि सर्व खातेप्रमुखांनी नेमणुकांचे त्रैमासिक पत्रक सादर करावे, अशीही तजवीज होती. आपला हुकूम कागदावरच राहू नये याची केवढी ही दक्षता! पुढे १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. ज्ञातीज्ञातींची वसतिगृहे तर कोल्हापूरचे भूषणच ठरली.

परंतु या हुकुमाचे बळ कशात होते? ते महाराजांच्या अंतःकरणात होते. कायदा करणारा, तो अमलात आणणारा आणि अखेरचा न्याय देणारा हात एकच होता. त्यावर अंकुश होता तो केवळ इंग्रज सार्वभौम सत्तेचा. हात उदार होता म्हणून प्रजेचे कल्याण झाले. मात्र त्या पन्नास टक्क्यांपैकी एक जागा आपली आहे, असे दरबाराला न्यायासनासमोर उभे करून सांगण्याचा अधिकार कोणाही प्रजाजनाला नव्हता. जे एका हुकुमाने मिळते, ते दुसऱ्या हुकुमाने जाऊही शकते. चांगला राजा हे भाग्य आहे. ती व्यवस्था नव्हे.

ही व्यवस्था निर्माण करण्याची धडपड प्रजेतूनच झाली. १९३९ साली भाई माधवराव बागल प्रभृतींनी प्रजापरिषदेच्या द्वारे जबाबदार राज्यपद्धतीची मागणी उभी केली. तिचे एक नेते रत्नाप्पा कुंभार पुढे घटना समितीचे सदस्य झाले आणि राज्यघटनेवर त्यांची स्वाक्षरी झाली. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी ज्या तरुण विद्वानाचा गौरव केला होता, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकृत झाली आणि २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आली.

घटनेने सर्वप्रथम तो एक हात तीन हातांत विभागला. विधिमंडळाने कायदा करावा, मंत्रिमंडळाने व नोकरवर्गाने तो राबवावा आणि न्यायालयाने दोघांनाही मर्यादेत ठेवावे. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता शून्यवत ठरतो, असे तेरावे कलम सांगते. हक्काचा भंग झाल्यास बत्तिसाव्या कलमान्वये सर्वोच्च न्यायालयाकडे आणि दोनशे सव्विसाव्या कलमान्वये उच्च न्यायालयाकडे दाद मागता येते. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाले आहे.

शाहू छत्रपतींचे धोरण घटनेच्या सोळाव्या कलमाच्या चौथ्या उपकलमात नोकऱ्यांपुरते आले. शिक्षणसंस्थांतील जातवार जागावाटप मात्र १९५१ साली मद्रासच्या एका खटल्यात अवैध ठरले. तेव्हा संसदेने त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून पंधराव्या कलमात चौथे उपकलम घातले. न्यायालयाने सरकारला अडविले, संसदेने घटनेच्या मार्गानेच वाट काढली. घटनेचे राज्य चालते ते असे. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. करवीरच्या हुकुमातील पन्नास टक्के ही किमान पातळी होती. तिच्याखाली प्रमाण जाऊ नये, असा त्याचा रोख होता. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने मंडल प्रकरणात सांगितलेले पन्नास टक्के ही सामान्यतः न ओलांडण्याची कमाल मर्यादा आहे. आकडा एकच, पण अर्थ निराळे. सभेत बोलताना दोहोंची गल्लत करणे बरे नव्हे.

आता थोडे आपल्याच घरातले. मागासलेपणाचे निवारण करताना घटना वर्गांचा विचार करते. परंतु समानतेचा व स्वातंत्र्याचा हक्क ती देते तो व्यक्तीला. ज्ञातीलाही तिच्या सभासदावर राज्य करता येत नाही. १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्कारास बंदी करणारा कायदा केला होता. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरविला. पुढे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. विवाहासारख्या कारणावरून कुटुंबाला वाळीत टाकणे हा त्यान्वये गुन्हा असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्ञातीच्या मंडळाने विद्यार्थ्याला आधार द्यावा, गरजूला हात द्यावा. मुलामुलींनी कोणाशी संसार मांडावा याचा निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे.

आपल्यापैकी अनेकजण अजूनही दाखल्यासाठी वा शिष्यवृत्तीसाठी एखाद्या पुढाऱ्याच्या दारी हात जोडून उभे राहतात. ही दरबारी सवय आता सोडली पाहिजे. अर्ज नामंजूर झाल्यास कारण लेखी मागावे, मुदतीत अपील करावे आणि कोणत्या नियमान्वये आपण मागतो आहोत हे आपल्याला ठाऊक असावे. त्यासाठी प्रत्येक घरात आणि प्रत्येक वसतिगृहात राज्यघटनेची मराठी प्रत असावी आणि निदान तिचा मूलभूत हक्कांचा तिसरा भाग वडीलधाऱ्यांनी मुलांसह वाचावा. महाराजांनी आपल्याला शाळेत धाडले ते वाचता यावे म्हणून. आपल्या हक्कांची सनद न वाचता ती कपाटात ठेवून दिली, तर त्या शिक्षणाचे सार्थक झाले असे म्हणता येणार नाही.