चोंगकाक आला कुठून?

मलेशियातल्या चोंगकाक या खेळाचा पाट होडीसारखा असतो. त्यात समोरासमोर सात-सात खळगे आणि दोन्ही टोकांना एकेक मोठा खळगा. त्याला मलाय भाषेत 'रुमाह', म्हणजे घर म्हणतात. लहान खळग्यांत सात-सात कवड्या किंवा चिंचोके ठेवायचे. एका खळग्यातले सगळे उचलून पुढे एकेक टाकत जायचे. आपल्या घरातही एक टाकायचा, समोरच्याचे घर मात्र वगळायचे. घरापासून तिसऱ्या खळग्यात नेमके तीन असतील, तर शेवटचा घरात पडतो आणि पुन्हा खेळायला मिळते. एकूण चिंचोके 98, म्हणजे 50 जमवणारा जिंकला. हरलेल्याला पुढच्या डावात जे खळगे भरता येत नाहीत, ते 'जळाले'!

पंधराव्या शतकात मलाक्काच्या सुलतानांच्या काळी हा खेळ रुजला आणि व्यापाऱ्यांबरोबर पसरला, असे सांगतात. मलाक्का 1511 साली पोर्तुगिजांनी जिंकले, तोवर ते मोठे बंदर होते. गुजराती व्यापारीही तिथे असत. तेव्हा हे शक्य आहे. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. जमिनीत खड्डे उकरूनही जो खेळता येतो, तो मागे काय ठेवणार? पहिल्या पावसात खड्डे बुजतात.

मग नावांचा माग काढावा. इंडोनेशियात चोंगक्लाक, फिलिपिन्समध्ये सुंगका, प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर चोंगका. मलायमध्ये 'चोंगाक' म्हणजे तोंडी हिशेब. त्यावरून नाव पडले, असे बरेच जण मानतात. शिक्षकांना ही व्युत्पत्ती आवडेल! पण 'चोंगकाक' म्हणजे कवडी असाही अर्थ आहे, आणि मला तो अधिक सरळ वाटतो.

नावावरही फार विसंबता येत नाही. होसे सांचेझ या स्पॅनिश धर्मगुरूने 1692 सालच्या बिसाया भाषेच्या कोशाच्या हस्तलिखितात हा खेळ नोंदवला आहे. पाट होडीसारखा, खेळायला शिंपले. नाव मात्र 'कुंगगित'. म्हणजे वस्तू तीच, नाव निराळे.

नियम अधिक बोलके असतात. तमिळनाडूच्या पल्लांगुळीतही सात-सात खळगे, तसेच एकेक बी टाकत जाणे. दोन्ही खेळ मंकाला या आफ्रिका-आशियाभर पसरलेल्या कुळातले. परंतु पल्लांगुळीत बिया टाकत जाताना आपल्या घरात बी पडत नाही. जिंकलेल्या बियाच तिथे जमा होतात. चोंगकाकमध्ये आणि फिलिपिन्सच्या सुंगकात मात्र जाता जाता एक बी घरात पडतेच.