ओतीव लोखंडाचे इमान

तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नाशिकचे नाव महाराष्ट्रात घरोघर आहे. लोखंडाशी या क्षेत्राचे नाते मात्र अलीकडचे. इंदिरानगरातील कित्येक घरे आज अंबड-सातपूरच्या कारखान्यांवर चालतात आणि तेथल्या माणसांना लोखंडाच्या ओतकामाचे अप्रूप नाही. पण हे ओतीव लोखंड मराठी शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कसे पोचले, हे जाणून घ्यावयाचे तर सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीची वाट धरावी लागते.

आपला गावचा लोहार लोखंड वितळवीत नसे. तापवून ठोकीत असे. ओतकाम ही निराळीच विद्या. उभ्या भट्टीत कोक, कच्चे लोखंड आणि चुनखडी यांचे थर देतात व खालून वाऱ्याचा झोत सोडतात. मातीने बुजविलेले तोंड पहारीने फोडले की पिवळाधमक रस उसळून बाहेर येतो. तो काळ्या वाळूच्या साच्यात ओतताना बोलणे बंद होते. वाळू फार ओली असेल तर वाफ कोंडून रस उडतो. धार मध्येच तुटली तर आधीचा आणि नंतरचा रस एकजीव होत नाही, आणि कामात कायमची फट राहते. क्षणाची चूक तेथे हातोड्याने सुधारता येत नाही.

ही विद्या शेतीच्या कामी लावणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक होते. पुढे बेळगावास त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याचे यंत्र केले आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. नांगर झाला, पण गिऱ्हाईक मिळेना! लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिले. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

शेतकऱ्याच्या त्या भीतीला हसणे सोपे आहे. पण तिच्या पोटात शहाणपणही होते, असे मला वाटते. लाकडी नांगर मोडला तर सुतार तो बलुत्यावर नीट करी आणि फाळ बोथटला तर लोहार शेवटून देई. ओतीव लोखंड ठिसूळ. घणाखाली ते फुटते. ऐन पेरणीच्या तोंडावर फाळ तुटला तर गावात त्याला औषध नाही. एक हंगाम चुकला म्हणजे कुणब्याचे वर्ष गेले!

या शंकेचे उत्तर व्याख्यानात नव्हते. ते साच्यातच होते. एकाच नमुन्यावरून शेकडो साचे उठतात, म्हणून मोडलेल्या फाळाच्या जागी तसाच दुसरा चपखल बसतो. लोहाराच्या हातच्या दोन वस्तू अशा तंतोतंत सारख्या क्वचितच उतरतात. अर्थात त्यासाठी ओतणाऱ्याची धार दर वेळी अखंड राहावी लागते. शेतकऱ्याने अखेर विश्वास टाकला तो लोखंडावर नव्हे, त्या न थरथरणाऱ्या हातांवर.