फ्लायव्हील (पॉवरबोट)

पॉवरबोटीचे फ्लायव्हील म्हणजे बोटीच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या टोकाला बोल्टने जखडलेले जड चाक होय. मराठी परिभाषेत यास प्रचक्र असेही म्हणतात. सिलिंडरांतून तुटकपणे मिळणारी ऊर्जा साठवून क्रँकशाफ्टची गती एकसारखी राखणे हे त्याचे मुख्य कार्य आहे. शर्यतीच्या मोटारगाड्यांत हलके फ्लायव्हील वापरण्याची प्रथा असल्याने बोटीलाही तेच लाभदायक असावे, असा समज आढळतो. मात्र बोटीच्या इंजिनावरील भार निराळ्या प्रकारचा असल्याने हा समज बहुतांशी गैरलागू ठरतो.

तत्त्व

फ्लायव्हीलचा परिणाम केवळ वजनावर अवलंबून नसतो. ते वजन अक्षापासून किती दूर आहे, हे अधिक महत्त्वाचे असते. या गुणधर्मास निरूढी परिबल म्हणतात. त्यात अंतराचा वर्ग येत असल्यामुळे कडेवरील एक किलोग्रॅम कमी केल्याने जो फरक पडतो, तो निम्म्या त्रिज्येवरील चार किलोग्रॅम कमी केल्याइतका असतो. साठलेली ऊर्जाही फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२ किलोग्रॅम वजनाच्या व १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या भरीव तबकडीत मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर सुमारे १५ किलोज्यूल ऊर्जा असते. ७०० फेऱ्यांवर ती जेमतेम ३६० ज्यूल उरते. म्हणजे इंजिन मंद चालत असताना, जेव्हा फ्लायव्हीलची गरज सर्वाधिक असते, तेव्हाच त्याचा साठा सर्वांत तुटपुंजा असतो.

सिलिंडरांची संख्या वाढली की ही गरज घटते. चार-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच शक्तीचा धक्का मिळतो, तर आठ सिलिंडरांच्या इंजिनात दर ९० अंशांना मिळतो. विहिरीवरील पंपाच्या किंवा पिठाच्या गिरणीतील जुन्या एकसिलिंडर डिझेल इंजिनाला भलेमोठे चाक असे, ते याच कारणाने.

गाडी आणि बोट

गाडीत गिअर बदलताना इंजिनाचे फेरे वारंवार उतरतात व चढतात. तेथे हलक्या चाकाचा लाभ प्रत्येक गिअरला मिळतो. बोटीत सामान्यतः पुढे, मागे आणि न्यूट्रल एवढेच असते. पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी शक्ती फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. स्थिर वेगाने जाताना फ्लायव्हीलच्या वजनाने कमाल वेगात काहीही फरक पडत नाही.

वेग घेतानाचा फरकही अल्प असतो. वरील तबकडी त्याच त्रिज्येची पण ६ किलोग्रॅमची केली आणि इंजिन ३ सेकंदांत १००० वरून ४५०० फेऱ्यांवर गेले, तर सरासरी सुमारे २.४ किलोवॅट, म्हणजे तीनएक अश्वशक्ती वाचते. २०० अश्वशक्तीच्या इंजिनात ती जाणवणेही कठीण. याच काळात दीड टन वजनाच्या बोटीला सेकंदाला १५ मीटर वेग द्यायचा झाल्यास जवळजवळ १७० किलोज्यूल ऊर्जा लागते. पाण्याचा विरोध वेगळाच. एवढ्या लाभासाठी इंजिन उतरवण्यापेक्षा योग्य पिचचा पंखा निवडणे अधिक फलदायी ठरते.

पंखा पाण्याबाहेर आल्यास

लाटेवरून उसळताना पंखा पाण्याबाहेर येतो आणि भार एकाएकी नाहीसा होतो. इंजिन ३०० न्यूटन-मीटर पीळ देत असून फिरणाऱ्या सर्व भागांचे निरूढी परिबल ०.२० किलोग्रॅम-मीटर वर्ग असेल, तर घर्षण सोडल्यास दशांश सेकंदात सुमारे १४०० फेरे वाढतात. परिबल ०.१३ असल्यास ही वाढ २२०० फेऱ्यांची होते. तेवढ्या अवधीत चालकाचा हात थ्रॉटल मागे घेऊ शकत नाही. खवळलेल्या समुद्रात चालणाऱ्या बोटीला हलके फ्लायव्हील धोक्याचे ठरते ते यामुळेच. फेऱ्यांना मर्यादा घालणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असल्यास हा धोका बराच कमी होतो.

जड चाकाचे दोष

जड चाकामुळे इंजिन मंद गतीवर शांत चालते व गिअर टाकताना बंद पडत नाही. परंतु दातेरी क्लचच्या गिअरपेटीत जोडणीच्या क्षणी बसणारा धक्का त्याने वाढतो. पंखा ओंडक्यावर किंवा खडकावर आदळल्यास चाकातील सर्व ऊर्जा दात्यांवर येते.

बदल करताना

फ्लायव्हील आणि गिअरपेटी यांच्यामध्ये स्प्रिंगची डँपर प्लेट किंवा रबरी कपलर असतो. त्याची निवड मूळ चाक धरून केलेली असते. चाक बदलल्यास पिळाच्या कंपनांची वारंवारता सरकते आणि मंद गतीवर गिअरपेटी खडखडू लागते. अनेक बोटींत वापरलेल्या शेवरलेटच्या ४५४ घनइंची इंजिनाचे बाह्य संतुलन फ्लायव्हीलवरही अवलंबून असते. तेथे समतोल चाक बसवल्यास इंजिन हादरते. आउटबोर्ड इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये बहुधा विद्युत्‌निर्मितीचे चुंबक असल्याने ते लेथवर घासून हलके करणे अयोग्य होय.

ओतीव लोखंडाचे चाक घासणे तर सर्वथा टाळावे. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाची कड ६००० फेऱ्यांवर ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगाने फिरते, आणि फेरे दुप्पट झाल्यास कडेवरील ताण चौपट होतो. हलके चाक हवेच असल्यास ते अखंड पोलादाचे व त्या फेऱ्यांसाठी प्रमाणित केलेले असावे. शांत पाण्यातील, वारंवार वळणे असलेल्या शर्यतींत त्याचा उपयोग होतो. प्रवासी वाहतूक, मासेमारी किंवा वॉटर-स्कीइंगच्या बोटींना उत्पादकाने दिलेले मूळ फ्लायव्हीलच वापरले जाते.