सरकारी पार्सलाचा हिशेब : जीएसएची वाटचाल

सरकारी खर्च म्हटला की धरणे, महामार्ग, लढाऊ विमाने आठवतात. रोजचा कारभार मात्र कितीतरी लहान वस्तूंवर चालतो. प्रयोगशाळेकडे निघालेला मांसाचा नमुना, न्यायालयात पोचवायचे दस्तऐवज, दुरुस्तीला धाडलेले उपकरण, दुसऱ्या शहरातल्या शाखेला हवी असलेली फाइल. अशी असंख्य पार्सले सरकारच्या आवक-जावक विभागांतून रोज बाहेर पडतात. एकेका पार्सलाचे बिल इतके किरकोळ की त्यावर कोणी हरकत घेत नाही. म्हणूनच सगळ्या बिलांची बेरीज कधी होत नाही आणि ती केवढी मोठी आहे हेही कळत नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने ही बेरीज करायचे ठरवले. त्या कामात पुढे होती जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे जीएसए, ही संस्था. सरकारी इमारतींपासून वाहनांपर्यंत सगळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या या संस्थेच्या कारकिर्दीत पार्सलखर्चाचे प्रकरण लहानसे आहे. पण सार्वजनिक पैसा वाचवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यातून जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या खरेद्यांतून दिसत नाही.

एकत्र खरेदीची जुनी खटपट

सगळ्या खात्यांची खरेदी एका ठिकाणी आणावी, हा विचार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचा. 1910 मध्ये अर्थखात्यात म्हणजे ट्रेझरीत ‘जनरल सप्लाय कमिटी’ कायद्याने स्थापन झाली. 1933 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने त्याच खात्यात स्वतंत्र खरेदी विभाग आला. दुसऱ्या महायुद्धात सरकार अवाढव्य वाढले, खरेदी करणारे हात वाढले आणि युद्ध संपल्यावर उरलेल्या मालाचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला.

अध्यक्ष ट्रुमन यांनी प्रशासनाची पाहणी करण्यासाठी माजी अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. खरेदीची दप्तरे तपासताना आयोगाला आढळले, की नागरी खात्यांच्या खरेदी-आदेशांपैकी निम्म्याहून अधिक 10 डॉलरपेक्षाही कमी रकमेचे आहेत आणि त्यांच्या कागदपत्रांवरच त्याहून जास्त खर्च होतो. आयोगाच्या शिफारशींतून कायदा झाला आणि 1 जुलै 1949 रोजी जीएसए जन्माला आली. ट्रेझरीचा पुरवठा विभाग, युद्धसामग्रीची विल्हेवाट लावणारे खाते, सार्वजनिक इमारती सांभाळणारी यंत्रणा, इतकेच काय, राष्ट्रीय अभिलेखागारही तिच्या छत्राखाली आले. जेस लार्सन हे पहिले प्रशासक झाले.

पुढच्या दशकांत जीएसएने दर करारांची पद्धत रुजवली. पुरवठादाराशी आधी दर ठरवून ठेवायचे आणि गरज पडेल तेव्हा कोणत्याही खात्याने त्या दराने माल किंवा सेवा घ्यायची. खात्यांना दरवेळी निविदेची लांबलचक वाट चालावी लागत नाही. त्या व्यवहारांवर जीएसएला 0.75 टक्के शुल्क मिळते आणि त्यातून करारांचा खर्च भागतो. पद्धत सोयीची ठरली, पण तिच्यात एक उणीव राहिली. दर सगळ्यांसाठी खुले असले तरी प्रत्येक खाते आपापली ऑर्डर वेगळी देत होते. सरकार हा देशातला फार मोठा ग्राहक असूनही विक्रेत्यासमोर उभे राहताना तो अनेक लहान ग्राहकांसारखा उभा राहत होता.

टपालाकडून एक्स्प्रेसकडे

पार्सलांच्या बाबतीत ही विभागणी उशिरा आली. सरकारी पत्रव्यवहारासाठी 1877 पासून खास पाकिटे होती. त्यांवर तिकीट लावावे लागत नसे, मात्र खासगी कामासाठी ती वापरल्यास 300 डॉलर दंड होईल असे पाकिटावरच छापलेले असे. जड पार्सले त्या काळी खासगी एक्स्प्रेस कंपन्यांच्या हातात होती. 1 जानेवारी 1913 रोजी टपालखात्याची पार्सल सेवा सुरू झाली आणि खेड्यापाड्यातल्या अमेरिकनांना पहिल्यांदा सरकारी दराने पार्सल पाठवता येऊ लागले.

चित्र पालटले ते 1970 नंतर. टपालखात्याचे 1971 मध्ये स्वायत्त सेवेत रूपांतर झाले. 1973 च्या एप्रिलमध्ये मेम्फिसहून फेडरल एक्स्प्रेसची, म्हणजे आजच्या फेडएक्सची, 14 विमाने पहिल्या रात्री उडाली. 1907 मध्ये सिएटलमध्ये निरोप्यांची सेवा म्हणून सुरू झालेली यूपीएस 1975 पर्यंत सलग भूभागावरच्या सगळ्या 48 राज्यांत पोचली. 1977 मध्ये हवाई मालवाहतुकीवरचे आणि 1980 मध्ये ट्रक वाहतुकीवरचे नियंत्रण सैल झाले. ‘उद्या सकाळी पोचेल’ ही हमी बाजारात मिळू लागली आणि सरकारी कचेऱ्यांनाही तिची सवय लागली.

सवय लागली की गरज तपासली जात नाही. शुक्रवारी दुपारी पाठवलेली फाइल सोमवारीच उघडली जाणार असली तरी ती रातोरात विमानाने जाऊ लागली. खात्याखात्याचे वेगळे खाते क्रमांक, वेगळे करार, वेगळ्या सवलती. एकाच कंपनीची तीच सेवा एका कचेरीला एका दराने आणि दुसरीला दुसऱ्याच दराने पडत होती, आणि दोघींनाही एकमेकींचा दर ठाऊक नसे.

आधी मोजणी

20 मे 2005 रोजी व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचे उपसंचालक क्ले जॉन्सन यांनी सर्व प्रमुख खात्यांना एक परिपत्रक पाठवले. प्रत्येक खात्याने आपल्या खर्चाचे विश्लेषण करावे आणि नियोजनपूर्वक एकत्रित खरेदी करता येतील अशा किमान तीन वस्तू किंवा सेवा 1 ऑक्टोबरपर्यंत निवडाव्यात, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जीएसए आणि ट्रेझरी यांनी मिळून ‘फेडरल स्ट्रॅटेजिक सोर्सिंग इनिशिएटिव्ह’ सुरू केला. 1910 मध्ये जिथून एकत्र खरेदीची सुरुवात झाली, तेच खाते पुन्हा जोडीला आले. कार्यालयीन साहित्याबरोबर देशांतर्गत पार्सल सेवा या उपक्रमाच्या पहिल्या विषयांत होती.

ही निवड विचारपूर्वक होती. पार्सल सेवा जवळजवळ प्रत्येक खात्याला लागते. सेवेचे स्वरूप सगळीकडे सारखे असते. पुरवठादार मोजके आणि देशभर जाळे असलेले. शिवाय प्रत्येक पार्सलाची नोंद कंपनीच्या संगणकात आधीच असते: कुठून निघाले, कुठे गेले, वजन किती, कोणत्या सेवेने गेले, किती आकार लागला. ही माहिती सरकारने आजवर मागितलीच नव्हती. नव्या करारांत ती मागितली गेली. देशांतर्गत सेवेच्या दुसऱ्या फेरीचा करार 2009 मध्ये यूपीएसशी झाला. सगळ्या खात्यांची मिळून उलाढाल वाढेल तशी सवलत वाढावी, हे त्यामागचे सूत्र. लहानशा खात्यालाही आता मोठ्या खात्याइतकाच दर मिळू लागला.

दरापलीकडची बचत त्या नोंदींतून दिसू लागली. पार्सलाचे बिल चार गोष्टींवर ठरते: वजन, अंतर, वेळ आणि वर लागणारे अधिभार. इंधन, घरपोच सेवा, शनिवारची पोच, चुकीचा पत्ता, प्रत्येकाचा वेगळा आकार. पत्ता नीट लिहिला तर एक अधिभार वाचतो. जवळच्या अंतरावर रस्त्याने जाणारे पार्सलही बहुधा दुसऱ्याच दिवशी पोचते. वॉशिंग्टनहून फिलाडेल्फियाला जाणाऱ्या खोक्यासाठी विमानाचे भाडे मोजण्याचे कारण सहसा नसते. पुढे 2015 च्या सुमारास यूपीएस आणि फेडएक्स या दोन्ही कंपन्यांनी रस्त्याने जाणाऱ्या सर्व पार्सलांना आकारमानावर आधारित वजन लागू केले. तेव्हापासून अर्धे रिकामे खोके पाठवणे म्हणजे हवेचे भाडे भरणे झाले, आणि योग्य मापाचे खोके निवडणे हीसुद्धा बचत ठरली.

रिकाम्या डब्यांचा प्रवास

या विचाराचे सर्वांत बोलके उदाहरण कार्यालयातल्या नियोजकांकडून आले नाही, ते आले प्रत्यक्ष तपासणीच्या कामातून. ओबामा प्रशासनाने 2009 पासून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांकडून बचतीच्या सूचना मागवायला सुरुवात केली होती. 2010 मध्ये आलेल्या हजारो सूचनांमधून अंतिम चारांत पोचलेली एक सूचना मिशिगन राज्यातल्या एका अन्न निरीक्षक महिलेची होती. निरीक्षक मांसाचे नमुने तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे रातोरात पाठवतात. ते योग्यच आहे, नमुना टिकला पाहिजे. पण प्रयोगशाळेतून निरीक्षकांकडे परत येणारे रिकामे डबेसुद्धा त्याच महागड्या एक्स्प्रेस सेवेने येत होते. ते रस्त्याने पाठवा, एवढेच तिचे म्हणणे.

त्या वर्षी पहिला क्रमांक मिळाला तुरुंग विभागातल्या एका कर्मचाऱ्याच्या सूचनेला. सरकारी राजपत्र इंटरनेटवर उपलब्ध असताना त्याच्या छापील प्रती हजारो कर्मचाऱ्यांना टपालाने का पाठवायच्या, हा त्या सूचनेतला प्रश्न होता. दोन्ही सूचनांत कोणाशी घासाघीस नव्हती. रिकाम्या डब्याला घाई नसते आणि न वाचल्या जाणाऱ्या प्रतीला टपाल लागत नाही, हे काम करणाऱ्यांनी पाहिले आणि निर्भीडपणे सांगितले.

यश आणि त्याची मर्यादा

2011 या आर्थिक वर्षात या उपक्रमातून सुमारे 33.9 कोटी डॉलरची खरेदी झाली आणि सुमारे 6 कोटी डॉलर वाचल्याचे सांगण्यात आले. टक्केवारी उत्तम. पण अमेरिकेची लेखापरीक्षण संस्था जीएओ हिने 2012 मध्ये दाखवून दिले, की केंद्र सरकारची 2011 ची एकूण खरेदी 537 अब्ज डॉलरची होती. त्यापुढे हा आकडा नगण्य होता. 2012 मध्येच, जीएसएच्या 2010 मधल्या लास व्हेगास परिषदेवर सुमारे 8 लाख 23 हजार डॉलर उधळल्याचे उघड झाले आणि प्रशासक मार्था जॉन्सन यांना पद सोडावे लागले. इतरांना काटकसर शिकवणाऱ्या संस्थेसाठी तो मोठा नैतिक धक्का होता आणि तो बसायलाच हवा होता. विश्वास गमावलेल्या संस्थेच्या करारांकडे खाती स्वखुशीने येत नाहीत.

एकत्रित खरेदीला दिशा देण्यासाठी डिसेंबर 2012 मध्ये सात मोठ्या खात्यांची आणि संस्थांची नेतृत्व परिषद नेमली गेली. तरीही 2016 च्या जीएओ अहवालातले निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. 2015 मध्ये या उपक्रमातून 12.9 कोटी डॉलर वाचले. पण परिषदेतल्या सातही खात्यांनी उपक्रमात मिळणाऱ्या प्रकारच्या वस्तू-सेवांवरच्या आपल्या 4.5 अब्ज डॉलरच्या खर्चापैकी जेमतेम 10 टक्के खर्च या करारांतून केला होता. ज्यांनी धोरण आखले, त्यांच्याच कचेऱ्या जुन्या वाटेने जात होत्या. करार चांगला असून भागत नाही. तो वापरला जातो का, हे विचारणारा कोणी लागतो.

लहान उद्योगांचा प्रश्नही खरा आहे. देशभर जाळे असणाऱ्या पार्सल कंपन्या मुळातच थोड्या, त्यामुळे या सेवेत लहानांना फारसा वाव नव्हताच. इतर वस्तूंमध्ये मात्र एकत्रित खरेदीमुळे सरकारशी व्यवहार करणाऱ्या लहान उद्योगांची संख्या घटत गेली. त्यांना मिळणारी एकूण रक्कम वाढली तरी वाटेकरी कमी झाले. बचतीचा हिशेब मांडताना ही बाजू झाकून ठेवणे न्यायाचे होणार नाही.

नवे करार

पुढे एका पुरवठादाराऐवजी अनेक पुरवठादारांची व्यवस्था आली. 2017 मध्ये संरक्षण खात्याच्या ट्रान्सपोर्टेशन कमांडने जीएसएच्या सहकार्याने लष्करी आणि नागरी अशा दोन्ही बाजूंसाठी पार्सल सेवेचे नवे करार केले. फेडएक्स, यूपीएस आणि पोलर एअर कार्गो या कंपन्या त्यात होत्या. देशांतर्गत आणि परदेशी पाठवणी एकाच व्यवस्थेत आली. दरम्यान सरकारने सगळी सामान्य खरेदी दहा वर्गांत विभागली. वाहतूक आणि मालपोच हा त्यातला एक वर्ग. 2017 ते 2019 या तीन वर्षांत या वर्गवार पद्धतीने 27.3 अब्ज डॉलर वाचल्याचे जीएओने 2020 मध्ये नोंदवले. त्याचबरोबर एक उणीवही दाखवली: भर करार कसे करावेत यावर आहे, खात्यांनी आपली गरज कशी ठरवावी यावर पुरेसा नाही.

मिशिगनच्या निरीक्षक महिलेने त्याच्या दहा वर्षे आधी तेच सांगितले होते.

20 मार्च 2025 च्या अध्यक्षीय आदेशाने सामान्य वस्तू आणि सेवांची खरेदी पुन्हा जीएसएकडे एकवटण्याचे धोरण जाहीर झाले. वर्षाला सुमारे 490 अब्ज डॉलरचा हा व्यवहार. 1949 चा हेतू पंचाहत्तर वर्षांनी नव्याने कामाला लागला आहे. खरेदी एका हाती आल्याने दर खाली येतील. पण एक्स्प्रेसने जाणारा रिकामा डबा कमी दरातही वायाच जातो. दर ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे असू द्यावा, ‘हे आजच पाठवायला हवे का’ हा प्रश्न मात्र आवक-जावकच्या टेबलावर विचारला जावा. जीएसएच्या वाटचालीतून निघणारा निष्कर्ष हाच.

आपल्याकडेही 2016 मध्ये ‘जेम’ हे सरकारी खरेदीचे संकेतस्थळ सुरू झाले, 2017 मध्ये जुने पुरवठा महासंचालनालय बंद झाले. महाविद्यालय, सहकारी बँक, नगरपालिका, धर्मादाय संस्था, यांपैकी कुठेही कारभार पाहत असाल, तर गेल्या वर्षाची कुरियरची बिले एकदा एकत्र काढून बसा. कोणते पार्सल कुठे गेले, किती घाईने गेले आणि ती घाई खरी होती का, एवढेच तपासा. निविदा त्यानंतर काढा.